बोटीवरच्या गाण्याचा मालक

मास्तर गेले तेव्हा त्यांच्या मयतीला बँड वाजला नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं विरारकडच्या नंदाखाल, निर्मळ, आगाशीतल्या माणसांना वाजतगाजत देवाकडे पोचवलं, तो स्वतः मुकाट्यानं गेला. कारण साधं होतं. बँडमधले आम्ही सगळे पेटीला खांदा द्यायला पुढे झालो आणि वाद्यं ज्याच्या त्याच्या घरी खुंटीला राहिली. कोणाच्या तरी लक्षात आलं तोवर माती पडली होती.

मला विचाराल तर बरंच झालं. वाजवलं असतं तर मास्तर पेटीतून उठून म्हणाले असते, दुसऱ्या ओळीत घाई केलीत.

ते बँडमास्तर होते आणि मी त्यांच्याकडे ट्रम्पेट वाजवायचो. पोटापाण्याला माझी निर्मळला केळीची वाडी आहे. शाळा तिसरीपर्यंत झाली. चौथीचे गुरुजी मला पसंत नव्हते. मास्तर नंदाखालचे, ख्रिस्ती, मी हिंदू. बँडमध्ये निम्मे असे, निम्मे तसे होतो. मास्तर माणसाचा देव बघत नसत, पाऊल बघत.

म्हणजे खरंच पाऊल. कोणी बँडमध्ये घ्या म्हणून आला की मास्तर त्याला वाजवून दाखव म्हणत नसत, चालून दाखव म्हणत. त्यांच्या अंगणातून निघायचं, रस्त्यावरच्या क्रुसापर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. मास्तर ओट्यावर बसून बघणार. चांगल्या चांगल्या क्लॅरिनेटवाल्यांना त्यांनी क्रुसापासूनच घरी पाठवलं. मी गेलो तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि डोक्यावर केळीचे घड वाहून मान ताठ झाली होती. मास्तर म्हणाले, याला घ्या, याला ओझ्याची सवय आहे. ट्रम्पेट मी तोवर हातातही धरलं नव्हतं, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. फुंकणं मी शिकवतो, म्हणाले, चालणं शिकवत नाही.

पितळी बटणांचा निळा कोट ते मासळी आणायलाही घालून जात. कोळणी त्यांना साहेब म्हणत आणि साहेबाचा भाव लावत. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. घरी ते त्यांच्या गावच्या बोलीत बोलत, आमच्याशी साध्या मराठीत, आणि रागावले की एकदम पुस्तकात शिरत. ‘अरे गाढवा’पर्यंत काही भीती नव्हती. ‘आपण’ म्हणाले की समजायचं, आज काही खरं नाही.

आता गाण्याचं सांगतो, कारण गाण्याशिवाय मास्तर म्हणजे नुसता कोट.

मास्तरांचा मेव्हणा बोटीवर खलाशी होता. त्यानं अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरातून एक रेकॉर्ड आणली. लहान भाकरीएवढी, आणि मधलं भोक एवढं मोठं की अंगठा घालून गरगर फिरवावी. वरचा कागद खाऱ्या पाण्यानं धुऊन गेलेला, त्यामुळे गाणं कोणतं, गाणारा कोण, काही कळायला मार्ग नाही. मेव्हणा एवढंच म्हणाला की याला सोल म्हणतात, तिकडच्या काळ्या लोकांचं गाणं आहे, त्यांच्या चर्चमधल्या गाण्यातून निघालेलं. मास्तरांनी त्यातलं चर्च तेवढं धरलं. चर्चमधून निघालंय ना, म्हणाले, मग परत चर्चमध्ये जाईल.

चर्चच्या हॉलनं मोडीत काढलेला एक रेकॉर्ड प्लेयर त्यांच्याकडे होता. बटणं तुटलेली, पण फिरायचा. रेकॉर्डचं भोक भरायला मास्तरांनी भेंडीच्या झाडाच्या लाकडाची चकती तासली आणि ओट्यावर आम्हाला गोल बसवून गाणं ऐकवलं. मी तो आवाज विसरणार नाही. विहिरीच्या तळाशी बसून एखादा म्हातारा हळू हळू गातोय असा जड, दमलेला आवाज. शब्द एक कळत नव्हता. मास्तरांचं इंग्रजी प्रार्थनेपुरतं आणि आमचं तेवढंही नाही. पण मास्तरांना त्या म्हाताऱ्याची सगळी हकिगत कळली. साठी उलटलेला आहे, बायको गेली आहे, दोन मुलगे स्वतःच्या हातानं पुरलेत. धाकटा बुडून गेला. हे ते इतक्या खात्रीनं सांगत की आमचा ढोलवाला प्रार्थनेत त्या धाकट्याचं नाव घ्यायला बघायचा. फक्त नाव ठाऊक नव्हतं.

मास्तरांनी ते गाणं बँडसाठी बसवलं, पेटी उचलणाऱ्यांच्या पावलावर, म्हणजे रेकॉर्डीपेक्षाही हळू. आम्ही त्याला बोटीवरचं म्हणायचो. मयतीला एकदा वाजलं आणि मग मयत म्हटली की बोटीवरचं, हे ठरूनच गेलं. लोक जिवंतपणी सांगून ठेवू लागले. एका म्हातारीनं तर मास्तरांना आठवडाभर आधी घरी बोलावून ऐकून घेतलं आणि क्लॅरिनेट बेसूर आहे म्हणाली. वाजवणारा बदलला तेव्हाच गेली.

माझे वडील गेले तेव्हा मास्तर न बोलावता सगळा बँड घेऊन निर्मळला आले. आमच्यात तशी पद्धत नव्हती. चुलते कुरकुरले, तिरडीपुढे हे कसलं वाजवणं म्हणाले. मास्तर म्हणाले, तुम्ही तुमचे मंत्र म्हणा, आम्ही मागे राहतो. आणि राहिले. पितळी बटणांचा कोट, उन्हात घाम गळतोय, आणि स्मशानापर्यंत बोटीवरचं. त्या दिवशी मी चाललो नाही. माझं पाऊल त्या गाण्यानं उचललं आणि त्यानंच ठेवलं. हे मी मास्तरांना कधी बोललो नाही. असलं बोलायची आमच्याकडे सवय नाही.

चांगलं वाजतं ते दुसरे घेतातच. किल्ल्याकडच्या बँडनं घेतलं, मग अर्नाळ्याकडच्यांनी, मग विरारच्या एका बँडनं त्यात कीबोर्ड घातला. मास्तर या सगळ्यांना नकला म्हणायचे आणि प्रत्येक नकलेला नंबर द्यायचे. कुठल्या गावी मयत आहे आणि बँड दुसऱ्याचा आहे असं कळलं की सायकल काढायची, कोट घालायचा आणि मेलेल्याची ओळखपाळख नसताना लोकांत मागे जाऊन उभं राहायचं. तिथल्या बायका त्यांना बघून आणखी रडायच्या. एवढा साहेब माणूस लांबून आला म्हणजे आमच्या माणसाला केवढा मान, असं त्यांना वाटायचं.

घरी आले की वहीत लिहायचे. वहीला तीन रकाने होते: काय चोरलं, काय सोडलं आणि काय कळलं नाही. तिसऱ्या रकान्याला पानं पुरायची नाहीत.

अर्नाळ्याच्या बाजूला एकदा त्यांच्याबरोबर मी होतो. मयत आटोपल्यावर मास्तरांनी तिथल्या ढोलवाल्याला गाठलं आणि शांतपणे विचारलं, हे गाणं कोणाचं आहे, माहीत आहे का. तो बिडी पेटवत होता. म्हणाला, “कोनाचं म्हंजे? मयताचं.”

मास्तरांनी तडक सायकल घराकडे वळवली. वहीत त्या नंबरापुढे काय लिहिलं, मला दाखवलं नाही.

चोरांच्या नावानं ते चर्चच्या पायरीवर बोटं मोडायचे. पण मधे दोन वर्षं कोणी नवी नक्कल केली नाही, तेव्हा मास्तर बेचैन झाले. आधी तालमीला खिडक्या उघड्या ठेवल्या. मग तालीम अंगणात आणली. शेवटी हवा खेळत नाही म्हणून रस्त्याच्या कडेला उभं केलं आम्हाला. तरी कोणी चोरेना. त्या दिवसांत मी एकदा म्हणालो की मास्तर, तसं बघितलं तर आपलीही नक्कलच आहे, मूळ त्या रेकॉर्डीतल्या म्हाताऱ्याचं. मास्तर म्हणाले, “आपण आज घरी जावे.” मी गेलो. तीन आठवड्यांनी त्यांचा निरोप आला की ट्रम्पेटशिवाय अडतंय. मी आणखी एक आठवडा बसून राहिलो आणि मग गेलो. मीही काही कमी नाही.

पण खरा अबोला झाला तो माझ्या मुलीच्या हळदीला. तो अकरा वर्षं चालला.

आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडवात चिंचोटीकडची बेंजो पार्टी होती, आमच्या बँडचे चौघेपाचजण पाहुणे म्हणून आले होते आणि सवयीनं वाद्यंही आणली होती. मास्तर पुढच्या खुर्चीत, मानानं बसवलेले. बायकांनी माझ्या मागे लागून लागून मला उभं केलं, बापानं वाजवलंच पाहिजे म्हणाल्या. मी ट्रम्पेट तोंडाला लावलं, आणि बेंजोवाल्यानं ताल धरला होता तो असा की माझ्या बोटांतून बोटीवरचंच निघालं. जलद. दुप्पट जलद. मी ठरवून केलं नाही. पण निघालं तेव्हा थांबवलंही नाही, हे कबूल करतो. दुसऱ्या कडव्याला तर मी सूर असा वर नेला की माझाच मला विश्वास बसेना. सगळा मांडव नाचला. माझी बायको नाचली, जी बारशालाही नाचत नाही. ज्या म्हाताऱ्यांनी नवऱ्याच्या मयतीला हेच गाणं ऐकलं होतं त्याही हात वर करून नाचल्या, आणि एकीलाही ओळखू आलं नाही.

मास्तरांना आलं. ताट खुर्चीवर ठेवून ते उठले. मी मागोमाग गेलो, म्हटलं मास्तर, जेवून जा. ते सायकलचं कुलूप काढत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “आपण मेलेल्यांच्या अंगावर नाचलात. त्यांत आपले वडीलही होते.”

मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. उत्तर देण्यासारखं नव्हतं ते, पण दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माणूस पाठवून माझी बँडची टोपी परत मागवली. नंतर कळलं की वहीत त्यांनी मला बारावा नंबर दिला आणि पुढचे तिन्ही रकाने कोरे ठेवले. मी ते ऐकून हसलो, पण रात्रीचं जेवण गेलं नाही.

मधली अकरा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मी दुसऱ्या बँडांत वाजवलं. बोटीवरचं निघालं की मी खोकला आल्यासारखं करून बाजूला व्हायचो. मास्तर रस्त्यात भेटायचे, ते सायकलवर, मी स्कूटरवर. सायकल थांबवून, घंटी वाजवून म्हणायचे, आपण पुढे व्हावे. मी पुढे व्हायचो. लोकांनी मध्यस्थी केली, एकदा फादरनीही केली. मला एवढंच पाहिजे होतं की मास्तरांनी म्हणावं, वाजवलंस ते चांगलं वाजवलंस. नाचले त्याचं राहू दे, वाजवलंस चांगलं. त्यांना काय पाहिजे होतं ते त्यांना ठाऊक.

मग एका शनिवारी माझ्या वाडीत एक माणूस आला. विरारला नव्या इमारतींत राहणारा, मूळ कोकणातला, चाळिशीच्या आतला, बँकेत नोकरी. दुसऱ्यांना क्रिकेटचा नाद असतो तसा याला एका गाण्याचा नाद. एकच गाणं वेगवेगळ्या देशांत कोणी कोणी गायलंय ते गोळा करतो. त्याला फोनवर कोणीतरी आमच्याकडच्या मयतीची फिल्म पाठवली होती, आणि विचारत विचारत तो माझ्यापर्यंत पोचला.

“काका, हे गाणं तुम्ही लोकांनी कुठून उचललं?” तो म्हणाला.

मी म्हटलं, आधी उचललं हा शब्द मागे घे, मग सांगतो. त्यानं घेतला. मी सगळं सांगितलं, मेव्हणा, बोट, भोक, भेंडीची चकती. तो ऐकता ऐकता केळीच्या बुंध्याला टेकून खालीच बसला. मग त्यानं फोन काढला आणि म्हणाला, आता हे ऐका, हे ओरिजनल.

मला वाटलं माझ्या मुलीची हळद चालू झाली. तोच वेग, तीच उडी. आणि गात होती एक मुलगी. म्हातारा नाही, मुलगी, घुंगरासारखा आवाज. तो म्हणाला, एकोणीस वर्षांची होती. तिनं ही एकच रेकॉर्ड केली, ती चालली नाही, मग जन्मभर तिनं कुठल्या हॉस्पिटलात चादरी धुतल्या आणि वारली. ती गेल्यावर लोकांना गाणं सापडलं. लहान रेकॉर्ड भरभर फिरवायची असते, मोठी सावकाश. “तुमच्या मास्तरांच्या प्लेयरला वेगाचं बटणच नव्हतं, काका. पोरीचा म्हातारा झाला.”

ती काय म्हणते आहे, मी विचारलं. तो जरा घुटमळला. म्हणाला, नवऱ्याला म्हणते आहे की गेलास ते फार बरं झालं, आता मी दार उघडं टाकून नाचणार.

मी मनातल्या मनात माणसं मोजू लागलो, ज्यांना आम्ही यावर पोचवलं. फादर दोन. सरपंच एक. आगाशीच्या शाळेच्या मोठ्या बाई. माझे वडील. मला हसू फुटलं आणि ते आवरायला मला टाकीवर जाऊन तोंडावर पाणी मारावं लागलं. तो म्हणाला, माझ्याकडे याची दहा व्हर्जन आहेत, जपानी सुद्धा आहे, पण सगळे तिच्यामागून पळतात. तुमच्यासारखं चालत कोणीच नाही.

त्याचं हे बोलणं मी तेव्हा नीट ऐकलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं की मी बरोबर होतो. अकरा वर्षं मी बरोबर होतो आणि आता पुरावा होता. मी त्याच्याकडून ते गाणं माझ्या फोनवर घालून घेतलं आणि कसं लावायचं ते तीनदा विचारलं.

रविवारी चर्चची मिस्सा सुटल्यावर मी नंदाखालला गेलो. वाक्य तयार केलं होतं. मास्तर, हे मूळ आहे, आणि ते माझ्यासारखं आहे. स्कूटरवर मी ते मोठ्यानं म्हणतच गेलो.

सून बाहेर आली, मला बघून दचकली आणि आत जाऊन बाबा, निर्मळचे आलेत म्हणाली. मास्तर ओट्यावरच्या खुर्चीत होते. चौऱ्यांशी झाली होती, डोळ्यांना जाड चष्मा, अंगात कोट होताच. म्हणाले, “आपण बसावे.”

मी बसलो. सुनेनं चहा आणला. तो पिऊन झाला. मग मी फोन काढला, खुर्चीच्या हातावर ठेवला आणि लावला.

मास्तरांनी डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आता ओळखतील, आता पडेल तोंड. तर त्यांचं बोट चालू झालं. खुर्चीच्या हातावर, सावकाश, मयतीच्या पावलाचं. ती मुलगी पळत होती आणि मास्तरांचं बोट चालत होतं, आणि सांगतो काय, दोन्ही बरोबर बसत होतं. तिच्या दोन पावलांना मास्तरांचं एक. कुठे ठेच लागली नाही. मी सगळं गाणं ते बोट बघत ऐकलं.

गाणं संपलं. मास्तर डोळे मिटूनच म्हणाले, “परत लाव.”

लावलं. दुसरं कडवं आलं तसा त्यांनी हात वर केला. “थांबव. इथं बघ. इथं ही वर जाते.”

मी हो म्हणालो.

“तू गेला होतास.” अकरा वर्षांनी तू म्हणाले, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. “हळदीला. इथंच वर गेला होतास. मला वाटलं तुला माज आला. तसं नाही रे. इथं वर जायलाच पाहिजे. मीच इतकी वर्षं खाली ठेवलं.”

वाक्य तोंडात तयार होतं. एवढं म्हणायचं होतं की मास्तर, हिची नक्कल नाही, नक्कल आपली आहे, मूळ हिचं आहे. बस. पण मला निर्मळचं ते ऊन आठवलं आणि तिरडीमागे घाम पुसत चाललेला बँड आठवला. वडिलांना मी नाचाच्या गाण्यावर पोचवलं असं मास्तरांना सांगायचं, तर आधी ते मला स्वतःला पटायला पाहिजे होतं. आणि ते पटेना. फोनमध्ये पुरावा असून पटेना.

“मंगळवारी आगाशीला मयत आहे,” मास्तर म्हणाले. “साडेतीनला. ये. दुसऱ्या कडव्याला वर जा. पण हळू.”

मी म्हटलं, माझ्याकडे टोपी नाही. ते म्हणाले, आत खुंटीला आहे, ती कोणाच्या डोक्याला बसत नाही, सगळ्यांची डोकी लहान. सुनेनं आणून दिली. धुतलेली होती.

मी ओट्यावरून उतरून चपला घालत होतो तेव्हा मास्तरांनी पुन्हा हाक मारली.

“काय रे, ही बाई तुझ्या ओळखीची आहे का?”

“नाही, मास्तर. लांबची आहे.”

“भेटली तर सांग, आवाज देवानं दिलेला आहे. उचललंय आपलंच, पण मनापासून गाते. फक्त म्हणावं, जरा सावकाश गा. एवढी घाई कसली आहे.”

मी टोपी डोक्यावर नीट बसवली.

“सांगतो,” म्हणालो.